घर आणि शाळा : विज्ञानाचा पहिला धडा कोणता?

शाळा उघडण्याचे दिवस जवळ आले म्हणजे ह्या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा ओघ एकाच दिशेस वळतो, आणि लातूर व नांदेडकडील पत्रांत तर तो फारच जोरानें वाहतो. पांचवी-सहावींतील मुलास विज्ञानाची कोणती शिकवणी लावावी, ‘फाउंडेशन’चा वर्ग सहावीपासून धरावा कीं आठवीपासून, इंग्रजी संज्ञा आतांपासूनच पाठ करून घेतलेल्या बऱ्या किंवा कसें, हे ते प्रश्न. पत्रें लिहिणारीं माणसें सुशिक्षित आहेत, मुलांच्या हिताविषयीं जागरूक आहेत, आणि प्रसंगीं पोटाला चिमटा घेऊन फी भरणारीं आहेत. त्यांच्या हेतूविषयीं आम्हांस शंका नाहीं. तथापि एक प्रश्न आम्हांस त्या पत्रांत अद्याप आढळला नाहीं. तो हा कीं, आमच्या मुलानें गेल्या वर्षांत स्वतःच्या डोळ्यांनीं काय पाहिलें, आणि स्वतःच्या हातांनीं काय मोजलें? आठवीपर्यंतच्या विज्ञानशिक्षणाचा सारा मुद्दा आमच्या मतें ह्या एका प्रश्नांत सामावलेला आहे. म्हणून ह्या महिन्याचीं हीं पानें आम्ही त्याला देत आहों.

लातूर आणि नांदेडमध्यें ह्या प्रश्नाला विशेष धार आली आहे, तिचें कारण उघड आहे. ‘लातूर पॅटर्न’ हे दोन शब्द ठाऊक नसलेलें सुशिक्षित मराठी घर आज विरळा. राजर्षी शाहू आणि दयानंद ह्या महाविद्यालयांच्या नांवांशीं जोडली गेलेली ही पद्धति मुळांत अगदीं साधी आहे. बारावीच्या विद्यार्थ्याकडून वर्षभर नियमानें अभ्यास करून घ्यावयाचा, वरचेवर चांचण्या घ्यावयाच्या, उत्तरपत्रिकेंतील चुका त्याच्यापुढें मांडावयाच्या, आणि प्रश्नपत्रिका सोडविण्याचा सराव द्यावयाचा. हें सर्व चिकाटीनें झालें, आणि ज्या अवर्षणग्रस्त मुलुखाला मुंबई-पुण्याचे लोक मागासलेला म्हणत, तेथील शेतकऱ्यांचीं व शिक्षकांचीं मुलें मोठ्या संख्येनें वैद्यकीय महाविद्यालयांत जाऊं लागलीं. नांदेडनेंहि पुढें तोच मार्ग धरला. ह्या यशास कमी लेखण्याचें कोणासहि कारण नाहीं.

परंतु ती पद्धति सोळा-सतरा वर्षांच्या विद्यार्थ्यासाठीं निघाली. त्याच्यापुढें एक ठरलेली परीक्षा असते, आणि तिच्यासाठीं दोन वर्षें सर्वस्व पणाला लावण्याचें त्याचें वय असतें. आतां तीच पद्धति एक एक पायरी खालीं उतरत दहा-अकरा वर्षांच्या मुलांपर्यंत येऊन पोहोंचली आहे. कापणीच्या दिवसांत शेतकरी रात्रंदिवस राबतो तें योग्यच; पण म्हणून मृगांतच विळा घेऊन कोणी शेतांत उतरत नाहीं. मृगांत पेरावें लागतें. दहाव्या वर्षीं पेरावयाचें बीज म्हणजे पाहण्याची, मोजण्याची आणि विचारण्याची संवय. ती न पेरतां पुढें जें उगवेल त्याला गुण मिळतील, पण त्याला विज्ञान म्हणतां येणार नाहीं.

वर्गांत काय घडतें तें एका उदाहरणानें पाहूं. ताटलींत थोडें पाणी घ्यावें, मध्यें पेटती मेणबत्ती उभी करावी, आणि तिच्यावर कांचेचा पेला उपडा घालावा. थोड्या वेळानें ज्योत विझते आणि पाणी पेल्यांत वर चढतें. हा प्रयोग बहुतेक शिकलेल्या माणसांनीं शाळेंत लिहिलेला असतो. ‘लिहिलेला’ हा शब्द आम्हीं जाणूनबुजून योजिला आहे. प्रयोगवहींत साहित्य, कृति, निरीक्षण आणि अनुमान असे चार मथळे असतात, आणि पुष्कळ ठिकाणीं चारहि फळ्यावरून उतरून घेतले जातात. अनुमान ठरलेलें असतें: जळण्यानें पेल्यांतील प्राणवायु संपला, तो हवेच्या पंचमांश असतो, म्हणून पाणी पंचमांश चढलें.

आतां हाच प्रयोग घरीं मुलाला स्वतः करूं द्यावा, आणि त्याला एवढेंच सांगावें कीं, बाळ, नीट बघ, आणि जें दिसेल तेंच सांग. नीट बघणाऱ्या मुलाला दोन गोष्टी दिसतात. पेला घालतांना त्याच्या कांठाखालून हवेचे बुडबुडे बाहेर पडतात. आणि पाणी ज्योत जळत असतां सावकाश न चढतां, ती विझूं लागल्यावर भरकन वर येतें. एकीच्या जागीं तीन मेणबत्त्या लावल्या, तर पेला तोच व त्यांतील प्राणवायु तेवढाच असूनहि पाणी अधिक उंच चढतें. म्हणजे वहींतलें अनुमान धरून बसलें, तर डोळ्यांना दिसलें त्याचा अर्थच लागत नाहीं. मुख्य कारण निराळें आहे. ज्योतीनें पेल्यांतील हवा तापून फुगते आणि थोडी बाहेर निसटते. ज्योत विझल्यावर उरलेली हवा निवून आकसते, आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला आंत ढकलतो. शिवाय ज्योत विझते तेव्हां पेल्यांतला सगळा प्राणवायु संपलेला नसतोच. ज्या मुलानें निरीक्षणाचा मथळा प्रामाणिकपणें भरला, तो चुकीच्या अनुमानापासून वांचला. ज्यानें फळ्यावरून उतरविला, त्याला पूर्ण गुण मिळाले. आपल्या विज्ञानशिक्षणाचें दुखणें ह्याहून थोडक्यांत सांगणें कठीण आहे.

ह्याच मेणबत्तीवर मायकेल फॅरडे ह्यांनीं १८६०-६१ च्या नाताळांत लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें मुलांसाठीं सहा व्याख्यानें दिलीं. लोहाराचा हा मुलगा पुस्तकबांधणीच्या दुकानांत उमेदवारी करून वर आला होता, आणि त्या वेळीं तो युरोपांतील अग्रगण्य शास्त्रज्ञांपैकीं एक होता. मुलांपुढें उभें राहतांना त्याला मेणबत्तीहून मोठा विषय लागला नाहीं, ही गोष्ट आमच्या पालकांनीं लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

मराठींतहि अशा प्रयत्नांची परंपरा आहे. कोल्हापूरच्या बाळाजी प्रभाकर मोडक ह्यांनीं एकोणिसाव्या शतकांतच शास्त्रीय विषयांवर मराठींत पुस्तकें लिहिलीं. ‘सृष्टिज्ञान’ मासिक १९२८ सालीं निघालें. मराठी विज्ञान परिषद १९६६ मध्यें स्थापन झाली. आणि १९७४ पासून मुंबईचें होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र शालेय विज्ञानाचा प्रश्न शास्त्रशुद्ध रीतीनें अभ्यासीत आहे. शेजारच्या मध्यप्रदेशांत होशंगाबाद जिल्ह्यांतील खेड्यांच्या शाळांतून १९७२ सालीं एक उपक्रम सुरू झाला. मुलें लहान लहान गटांत बसून स्वतः प्रयोग करीत, प्रयोगाचें सामान स्वस्त व आसपास मिळणारें असे, आणि परीक्षेंत पुस्तक जवळ ठेवण्याची मुभा असे, कारण परीक्षा आठवणीची नसून विचार करण्याची होती. २००२ सालीं शासनानें तो उपक्रम बंद केला. परंतु खेड्यांतील साधी शाळा हें करूं शकते एवढें त्यानें सिद्ध करून ठेविलें. पुढें पुण्यास आयुका संस्थेंत अरविंद गुप्ता ह्यांनीं टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाचीं खेळणीं करून तोच धडा घरोघरीं पोहोंचविला.

मराठवाड्यापुरता येथें भाषेचाहि एक प्रश्न आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रांत निजामाच्या राज्यांत होता, आणि माध्यमिक शाळांचें माध्यम उर्दू होतें. १९१८ सालीं निघालेल्या उस्मानिया विद्यापीठानें भौतिक व रसायन हे विषय उर्दूंतून शिकवून देशी भाषेंत उच्च विज्ञान शिकवितां येतें हें दाखविलें, त्याचें श्रेय त्याला दिलेंच पाहिजे. परंतु नांदेडच्या किंवा औशाच्या मराठी मुलाला ती भाषा परकीच होती. त्याला आधीं शब्द शिकावा लागे, आणि वस्तूपर्यंत तो पोहोंचलाच तर मागाहून पोहोंचे. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१ सालीं निघाली, तिच्यांत पुढें स्वामी रामानंद तीर्थांनीं अध्यापन केलें, आणि १९५० सालीं नांदेडला पीपल्स कॉलेज उभें राहिलें. ह्या सर्व खटपटीच्या मुळाशीं आपल्या मुलांना आपल्या भाषेंत शिकतां यावें ही तळमळ होती. आज पुष्कळ मराठी शाळांतून ‘सेमी-इंग्रजी’च्या नांवाखालीं विज्ञान व गणित पुन्हा परक्या भाषेंत गेलें आहे. त्याचे फायदे-तोटे हा निराळा विषय आहे. आमचें म्हणणें एवढेंच कीं, ‘फोटोसिंथेसिस’चें स्पेलिंग वीस वेळां लिहिलेल्या मुलाला आणि ‘प्रकाशसंश्लेषण’ घोकलेल्या मुलाला पान अंधारांत ठेवल्यास काय होतें हें जर सांगतां आलें नाहीं, तर दोघेहि सारखेच अडाणी राहिले. आधीं वस्तु, मग तिचें नांव. हा क्रम ज्या भाषेंत सहज पाळतां येतो, ती मुलाची आईची भाषा होय.

वस्तूंची तर ह्या दोन जिल्ह्यांत वाण नाहीं. तुरीचेंच घ्या. लातूरची डाळ दूरदूर जाते, आणि सोयाबीनचा तर तेथें मोठा बाजार आहे. भाद्रपदांत एखाद्या शेतांतून सोयाबीनचें किंवा तुरीचें रोप मालकाला विचारून मुळासकट अलगद उपटावें आणि मुळें पाण्यांत धुवावीं. त्यांवर मोहरीएवढ्या, कांहीं जोंधळ्याएवढ्या गांठी दिसतील. नखानें एखादी गांठ फोडली तर आंत गुलाबी-तांबूस रंग दिसतो. शेजारचें ज्वारीचें ताट उपटलें तर तशा गांठी नाहींत. असें कां? ह्या गांठींत सूक्ष्म जंतु राहतात, ते हवेंतील नत्रवायु पिकाला उपयोगी पडेल अशा रूपांत आणतात, आणि म्हणूनच डाळीच्या पिकानंतर जमीन सुधारते, हें उत्तर पुस्तकांत आहे. परंतु गांठ फोडून पाहिलेल्या मुलाला तें आयुष्यभर पुरतें. ह्या बाबतींत जिल्हा परिषदेच्या शाळेंत जाणारीं शेतकऱ्यांचीं मुलें आमच्या घरांतील मुलांहून अधिक जाणतीं असतात, हें आपण मोकळ्या मनानें मान्य केलें पाहिजे, आणि आपल्या मुलांना त्यांचे सोबती होऊं दिलें पाहिजे.

तीच डाळ स्वयंपाकघरांत येते तेव्हां दुसरा धडा सुरू होतो. विंधनविहिरीच्या पाण्यांत डाळ लवकर शिजत नाहीं ही तक्रार ह्या भागांतील कोणत्या गृहिणीची नाहीं? दोन सारख्या पातेल्यांत सारखी डाळ घ्यावी, एकींत विंधनविहिरीचें पाणी व दुसरींत धरून ठेवलेलें पावसाचें पाणी घालावें, आंच सारखी ठेवावी, आणि कोणती किती मिनिटांत बोटचेपी होते तें मुलानें घड्याळ लावून लिहावें. त्याच दोन पाण्यांत साबणाला फेंस किती येतो तेंहि पाहावें. खडकांतून झिरपलेल्या पाण्यांत चुन्याचे व मॅग्नेशियमचे क्षार असतात. ते डाळीच्या पेशींना बांधून ठेवणाऱ्या द्रव्यास घट्ट करतात, आणि तेच साबणाचा फेंस मारतात. ह्या प्रयोगास एक पैसा लागत नाहीं. तो मुलींप्रमाणें मुलांनींहि करावा, हें सांगण्याची वेळ आतां येऊं नये.

पाण्याचा विषय निघाला म्हणजे लातूरकरांस २०१६ चा उन्हाळा आठवल्यावांचून राहत नाहीं. मांजरा धरण आटलें, आणि १२ एप्रिल २०१६ रोजीं मिरजेहून पाण्याची आगगाडी लातुरास आली. पहिल्या गाडीला १० वाघिणी होत्या आणि त्यांत सुमारे ५ लाख लिटर पाणी होतें. पुढें ५० वाघिणींची, सुमारे २५ लाख लिटरांची गाडी येऊं लागली. ह्या आंकड्यांवर सहावीच्या मुलाला बसवावें. २०११ च्या गणनेप्रमाणें लातूर शहराची वस्ती ३ लाख ८० हजारांहून थोडी अधिक होती. तर पहिल्या गाडींतून माणशीं किती पाणी आलें? सव्वा-दीड लिटर. मोठ्या गाडींतून? साडेसहा लिटर. मग त्यानें आपल्या घराच्या गच्चीची लांबीरुंदी मोजावी. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे बरोबर एक लिटर पाणी होतें. १० मीटर लांब व १० मीटर रुंद गच्चीवर वर्षांत ७०० मिलिमीटर पाऊस पडला तर ७०,००० लिटर पाणी पडलें. आणि आगगाडीच्या एका वाघिणींत होतें सुमारे ५०,०००. म्हणजे सुमारे साडेतीनशें किलोमीटरांवरून जी वाघीण आली, तिच्याहून अधिक पाणी एका चांगल्या वर्षीं आपल्याच गच्चीवरून गटारांत वाहून जातें. पाऊस निम्मा झाला तरी ३५,००० लिटर होतात. हें गणित पुस्तकांत छापलेलें वाचलें तर माहिती होते. मुलानें स्वतः सरळ कांठाचा डबा अंगणांत ठेवून पावसाळाभर रोज पट्टीनें मोजून केलें, तर तें मूल मोठेपणीं नगरपालिकेंत बसो कीं शेतांत, पाण्याविषयीं निराळ्या रीतीनें विचार करील.

तिसरा धडा मेच्या सुटींतला आहे, आणि त्यास नांदेड व लातूर अशा दोन्ही गांवीं आप्त असलेलीं घरें फार सोयीचीं. आपल्या प्रदेशांत वर्षांतून दोनदां सूर्य माध्यान्हीं अगदीं डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली क्षणभर नाहींशी होते. त्याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात. लातूरला तो १३ मेच्या आसपास, नांदेडला १६ मेच्या आसपास येतो. दुसरा जुलैच्या अखेरीस येतो, पण तेव्हां बहुधा आभाळ असतें. नांदेडचा दिवस धरून दोन्ही गांवच्या भावंडांनीं बरोबर एक मीटर उंचीची काठी ओळंब्यानें सरळ उभी करावी, आणि दुपारीं बारा वाजून दहा मिनिटांपासून साडेबारापर्यंत सर्वांत आंखूड सावलीची खूण करावी. नांदेडला सावली काठीच्या बुडाशीं लपेल. लातूरला मात्र ती सुमारे १३ मिलिमीटर उरेल, आणि तीहि नेहमींसारखी उत्तरेस न पडतां दक्षिणेस पडेल.

एवढ्याशा सावलींत केवढी गोष्ट दडली आहे! पृथ्वी सपाट असती, तर इतक्या दुरून येणाऱ्या सूर्यकिरणांनीं दोन्ही काठ्यांना सारखेंच वागविलें असतें. एक मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा परीघ ६,२८० मिलिमीटर. त्यांत १३ मिलिमीटर सुमारे ४८३ वेळां मावतात. लातुराहून नांदेड मोटारीच्या रस्त्यानें बरेंच दूर असलें, तरी निव्वळ उत्तर-दक्षिण अंतर सुमारे ८३ किलोमीटर भरतें, आणि तें नकाशावरून मुलाला काढतां येतें. ८३ ला ४८३ नीं गुणलें म्हणजे ४०,००० किलोमीटरांच्या जवळ उत्तर येतें, आणि तोच पृथ्वीचा परीघ होय. इराटोस्थेनीस ह्यानें ख्रिस्तापूर्वीं तिसऱ्या शतकांत मिसर देशांतील दोन गांवांच्या सावल्यांवरून हेंच केलें. सावलीची कड अंधुक असते, म्हणून एका मिलिमीटरची चूक झाली तर उत्तरांत तीन हजार किलोमीटरांचा फरक पडतो. तो पडूं द्यावा. आपलें माप किती खरें आणि किती खोटें हें ओळखणें, हाहि विज्ञानाचाच धडा आहे, आणि तो कोणत्याहि गाइडमध्यें छापलेला नसतो.

हे सारे आनंदाचे धडे झाले. एक धडा मात्र ह्या भूमीनें फार मोठी किंमत घेऊन शिकविला. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे चार वाजण्याच्या सुमारास किल्लारी-सास्तूर भागांत भूकंप झाला. आदल्या रात्रीं गणपति विसर्जन करून माणसें निजलीं होतीं. दख्खनचें पठार स्थिर आहे, येथें असें कांहीं होणार नाहीं, ही समजूत सर्वत्र होती. सुमारे दहा हजार माणसें त्या पहाटे गेलीं. भूकंपाचें मान ६.२ होतें, जगांत ह्याहून मोठे धक्के कित्येक ठिकाणीं ह्याहून पुष्कळ कमी जीवहानि करून गेले आहेत. मग येथें इतकीं माणसें कां गेलीं? भूकंपशास्त्राइतकेंच ह्याचें उत्तर भिंतींत आणि माळवदांत आहे. दगडाच्या जाड भिंती चिखलांत रचलेल्या, भिंतीच्या दोन्ही अंगांस जोडणारे लांब दगड नाहींत, आणि वर गळती थांबविण्यासाठीं वर्षानुवर्षें थर देत गेल्यानें अतिशय जड झालेलें मातीचें माळवद. उन्हाळ्यांत थंडावा देणारें तें घर हालतांच दोन अंगांस फाटलें आणि झोपलेल्या माणसांवर बसलें. जेथें माळवदाचा भार लांकडी खांबांनीं पेलला होता, तेथें कांहीं ठिकाणीं भिंती ढांसळूनहि छप्पर उभें राहिलें.

हें चवथीच्या मुलाला समजावून देण्यास यंत्र लागत नाहीं. पाटावर खडे व ओला चिखल ह्यांची चार बोटें उंचीची भिंत रचावी, वर एक चपटा दगड ठेवावा, आणि पाट झटक्यानें हालवावा. मग तशीच दुसरी भिंत रचून तिला वरून-खालून सुतळीचे दोन पट्टे आंवळून बांधावे, दगडाऐवजीं पुठ्ठा ठेवावा, आणि पुन्हा पाट तेवढाच हालवावा. भूकंप थांबवितां येत नाहीं, पण घर बांधून ठेवतां येतें, हें त्याला एका मिनिटांत कळतें. हें ज्ञान कोणत्या परीक्षेंत विचारतील ह्याची चिंता करूं नये. २१ मार्च २०२४ रोजीं हिंगोलीकडे झालेले धक्के नांदेडपर्यंत जाणवले. अशा वेळीं ज्या घरांतील मूल "आपल्या घराला पट्टे आहेत का?" असें विचारतें, त्या घरांत विज्ञान शिकविलें गेलें असें आम्ही समजूं.

आतां पालकांसाठीं चार गोष्टी. पहिली ही कीं, मुलानें प्रश्न विचारला असतां उत्तर तयार असलें तरी लगेच देऊं नये. "पाहूं या" म्हणावें, आणि खरोखरच पाहावें. ठाऊक नसेल तर तसें सांगण्यांत वडीलपणा कमी होत नाहीं. दुसरी गोष्ट, मुलाला प्रयोगाची पेटी विकत देण्याआधीं एक मोजपट्टी, एक घड्याळ आणि एक कोरी वही द्यावी. संकष्टीच्या दिवशीं पंचांगांतला चंद्रोदय आणि आपल्या गच्चीवरून प्रत्यक्ष दिसलेला चंद्रोदय ह्यांच्या वेळा त्या वहींत शेजारीं शेजारीं याव्या. पुढील रात्रींहि चंद्र किती उशिरां उगवतो तें टिपावें, आणि हा उशीर सरासरीनें पन्नास मिनिटांच्या जवळ येतो कीं नाहीं तें त्यानेंच पाहावें. तिसरी गोष्ट, शाळेच्या प्रयोगवहींतील निरीक्षण पुस्तकाशीं जुळलें नाहीं म्हणून मुलाला रागावूं नये; तें कां जुळलें नाहीं हेंच त्याच्याबरोबर शोधावें. चवथी गोष्ट, शिक्षकांकडे तक्रार घेऊन जाण्याऐवजीं मदत घेऊन जावें. एकाच गुरुजींवर दोन-तीन वर्ग, शिवाय गणना, निवडणुका आणि नित्य नवे तक्ते. अशा स्थितींत ज्या बाई वर्गाला अंगणांत नेऊन पाऊस मोजावयास लावतात, त्यांना पालकांचा पाठिंबा पाहिजे. "पोर्शन मागें राहील" ही चिठ्ठी त्यांना आम्ही सुशिक्षितांनींच पाठवूं नये.

आमच्या घरांतून पाठांतराची परंपरा मोठी आहे, आणि तिचा आम्हांस अभिमान वाटतो. पिढ्यान्‌पिढ्या ज्ञान जपून ठेवण्याचें तें एकच साधन होतें. पण पाठांतर मिळविलेलें राखतें; नवें मिळवून देत नाहीं. नवें मिळविण्यास डोळे उघडे लागतात, आणि ते दहाव्या वर्षीं आपण होऊनच उघडे असतात. आपण फक्त ते मिटूं नयेत, एवढीच काळजी घ्यावयाची. तें मूल पुढें लातूरच्या कोणत्याहि वर्गांत बसो, तेथील चाचण्या आणि सराव त्याला त्या वेळीं उपयोगीच पडतील. कारण ज्याचा सराव करावयाचा, तें त्यानें एकदां स्वतः पाहिलेलें असेल.